बॅटरी मरते मे महिन्यात, कळते डिसेंबरात

थंडीच्या सकाळी गाडी सुरू व्हायला कुरकुर करते तेव्हा तीन गोष्टी एकदम आड येत असतात. बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावलेली असते, इंजिनातले ऑइल घट्ट झालेले असते आणि इंधनाची नीट वाफ होत नसते. सेल्फला ताकद कमी मिळते, ज्याला फिरवायचे ते इंजिन जड झालेले असते आणि ते फिरले तरी आत पेट घेईल असे मिश्रण तयार व्हायला वेळ लागतो. लेड-ॲसिड बॅटरी २५ अंश सेल्सिअसला जेवढा जोर लावते, त्याच्या साधारण दोन-तृतीयांश जोर ती शून्य अंशाला लावते आणि उणे १८ अंशांना निम्म्याच्या आसपास.

निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रातला पारा उतरला की वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर द्राक्षबागांतल्या शेकोट्या येतात आणि बॅटरीच्या दुकानांतही वर्दळ वाढते. दोन्हींचे खापर थंडीवर फुटते. द्राक्षांच्या बाबतीत ते बरोबर आहे, बॅटरीच्या बाबतीत अर्धेच. चांगल्या बॅटरीच्या लेबलवर ‘सीसीए’ असा एक आकडा असतो. उणे १८ अंशांना, व्होल्टेज ७.२ च्या खाली जाऊ न देता, ती ३० सेकंद किती अँपिअर देऊ शकते याचे ते माप. ज्या मालाची कसोटी उणे १८ ला लागते तो निफाडच्या पाच-सहा अंशांना हात टेकत असेल, तर दुखणे आधीपासूनचे आहे.

ते दुखणे उन्हाळ्याचे असते. अकोला, चंद्रपूर, जळगावात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात तेव्हा बॉनेटखालचे तापमान त्याहून पुष्कळ वर गेलेले असते. उष्णतेने बॅटरीच्या पट्ट्यांची शिशाची जाळी गंजते, पाणी उडते, बॅटरी उभ्या उभ्या उतरत राहते. तापमान दर दहा अंशांनी चढले की असल्या क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा रसायनशास्त्रातला ठोकताळा इथेही लागू पडतो. मात्र उन्हाळ्यात हे नुकसान दिसत नाही. ऑइल पातळ असते, इंजिन सहज फिरते, अर्ध्या ताकदीची बॅटरीही वेळ मारून नेते. डिसेंबरात मागणी वाढते आणि पुरवठा घटतो, तेव्हा ती उघडी पडते. म्हणून बॅटरी तपासायचा खरा महिना पावसाळा संपल्यानंतरचा, ऑक्टोबरचा. तो सहसा कोणी पाळत नाही.

सेल्फची मूळ कल्पना समजली तर पुढची बरीचशी दुरुस्ती आपोआप समजते. ती चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याची. १८७६ साली ओहायोत जन्मलेला हा माणूस मोटारींच्या धंद्यात येण्याआधी नॅशनल कॅश रजिस्टर या कंपनीत होता आणि तिथे त्याने दुकानदाराच्या गल्ल्याचे यंत्र विजेवर चालवून दाखवले होते. गल्ल्याच्या मोटरला दिवसभर फिरावे लागत नाही. क्षणभर जोर लावायचा आणि थांबायचे. अशी मोटर तिच्या आकाराला न शोभेल इतक्या ओझ्याला जुंपता येते, कारण तापून जळण्याआधीच तिचे काम संपलेले असते. इंजिन फिरवण्याएवढी विजेची मोटर गाडीत मावणारच नाही, असे तेव्हाचे जाणकार म्हणत. ते सततच्या कामाचा हिशेब करत होते. केटरिंगने काही सेकंदांचा हिशेब केला. त्याच्या आणि एडवर्ड डीड्स यांच्या डेल्को कंपनीचा हा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांवर बसला आणि हँडल मारण्याचे दिवस भरत आले. उलटा झटका देऊन मनगट मोडणारे ते हँडल आपल्याकडे जुन्या ॲम्बॅसिडर आणि फियाटच्या डिकीत मात्र पुढे कित्येक वर्षे पडून असे.

आजच्या सेल्फचा हिशेबही तोच आहे, काही सेकंदांचा. छोटे पेट्रोल इंजिन फिरवताना तो शंभर-दीडशे अँपिअर ओढतो, डिझेलला त्याच्या दुपटीच्या घरात. एका दमात दहा सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये किमान अर्धा मिनिट जाऊ द्यावा, ही सूचना गाडीच्या पुस्तिकेत असते. तिच्याकडे दुर्लक्ष करून जो सलग किल्ली पिळत राहतो तो सेल्फ जाळतो आणि बॅटरीत उरलेले चार थेंबही संपवतो.

दुरुस्तीची सुरुवात कानाने करावी. किल्ली फिरवल्यावर एकच ‘टक’ असा आवाज येऊन सगळे शांत झाले, तर संशय सेल्फवर किंवा त्याच्या सोलेनॉइडवर. ‘टकटकटकटक’ अशी घाईची माळ लागली आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावले, तर बॅटरी उतरलेली किंवा जोड सुटलेला. इंजिन फिरते पण रेंगाळत, तर बॅटरी, जोड किंवा ऑइल. सेल्फ नेहमीच्या जोमाने इंजिन फिरवतो पण गाडी पेट घेत नाही, तर बॅटरीचा पिच्छा सोडून इंधन आणि ठिणगीकडे वळावे. एवढ्या फरकावर निम्मा खर्च वाचतो. तरीही अनेक गॅरेजांत या चारही तक्रारींवर पहिला उपाय एकच असतो, नवी बॅटरी. ती बसवायला दहा मिनिटे लागतात आणि गिऱ्हाईक खूश होऊन जाते.

बॅटरी मोजायला काही शे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी असावी आणि सकाळी किल्ली लावण्याआधी माप घ्यावे. नुकत्याच थांबवलेल्या गाडीवर आकडा फसवा येतो. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण तीन-चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे उतरल्यातच जमा. पण हे माप फक्त भरती सांगते, ताकद नाही. ताकदीसाठी दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगून त्याच वेळी मीटर पाहावा. आकडा ९.६ च्या खाली कोसळला आणि बॅटरी मुळात भरलेली होती, तर ती गेली. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने सहाही घरांतल्या ॲसिडची घनता पाहता येते. पाच घरे सारखी आणि एक बरेच खाली, तर ते घर बसलेले असते. ‘मेंटेनन्स-फ्री’ बॅटरीच्या माथ्यावरच्या हिरव्या डोळ्यावर लोक फार विसंबतात. तो डोळा सहापैकी एकाच घरात डोकावलेला असतो. बाकी पाचांचे त्याला काही ठाऊक नसते.

शेवटी इंजिन चालू असताना माप घ्यावे. १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले तर अल्टरनेटर भरणी करतो आहे. अलीकडच्या काही गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी संगणक अल्टरनेटरचे व्होल्टेज मुद्दाम कमी-जास्त करतो; तिथे एका आकड्यावरून निकाल देऊ नये.

आता तो भाग, जो तपासला जायला हवा आणि सहसा जात नाही: जोड. बॅटरीच्या खांबांवर पांढरट-हिरवी भुकटी साठते, आत क्लँप आणि खांब यांच्यामध्ये काळसर थर धरतो आणि बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडी व इंजिनला जाणारी अर्थिंगची पट्टी गंजून तिच्या तारा तुटत जातात. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने हे लवकर होते. हा अडथळा डोळ्यांना किरकोळ दिसतो, पण गणित करून पाहिले की तो किती महाग आहे ते कळते. जोडात ओहमचा शंभरावा भाग एवढाच रोध आला असे धरू. हेडलाइट दहा अँपिअर घेतात, त्यांना ०.१ व्होल्टचा तोटा; दिवे लख्ख पेटतात आणि बॅटरी ठीक आहे असा समज होतो. सेल्फ दीडशे अँपिअर ओढतो, त्याला १.५ व्होल्टचा तोटा. बारा व्होल्टांतले दीड व्होल्ट त्या जोडातच उष्णता होऊन जातात, तेही सव्वादोनशे वॉटच्या दराने. सेल्फ मारल्यावर क्लँपला हात लावला आणि तो कोमट लागला, तर चोर सापडला.

मीटरने तो पकडायची पद्धत सोपी आहे. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावरच ठेवावी, क्लँपवर नाही. लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवावी आणि सेल्फ मारावा. जोड आणि पट्टी चांगली असेल तर मीटर जेमतेम ०.२ व्होल्ट दाखवतो. अर्धा किंवा एक व्होल्ट दाखवला तर तेवढी ताकद वाटेत गळते आहे. याच रीतीने पॉझिटिव्ह खांब आणि सेल्फचे जाड टर्मिनल यांच्यामधला तोटा मोजावा. तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालते. दोष निघाला तर बॅटरीची तार सोडताना निगेटिव्ह आधी काढावी आणि जोडताना ती शेवटी लावावी, म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून थर धुवावा, खांब आणि क्लँपची आतली बाजू पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासावी, आवळावे आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावावी. जेली आधी लावून वर क्लँप बसवू नये. अर्थिंगची पट्टी गंजली असेल तर ती बदलावीच. बॅटरीच्या किमतीपुढे तिची किंमत किरकोळ असते.

बॅटरी आणि जोड दोन्ही ठीक, तरी तीन दिवस उभी गाडी चौथ्या दिवशी सेल्फ घेत नसेल, तर उभ्या गाडीत वीज कुठेतरी खर्च होते आहे. घड्याळ, अलार्म आणि संगणकाची स्मृती यांसाठी साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंतचा खर्च रास्त मानतात. तोही हलका नव्हे. दिवसाला १.२ अँपिअर-तास म्हणजे ३५ अँपिअर-तासांची छोटी बॅटरी दोन आठवड्यांत निम्म्यावर येते. त्यात बाहेरून बसवलेला डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, किंवा किल्लीच्या वायरवर न जोडता थेट बॅटरीवर जोडलेली म्युझिक सिस्टिम आली की मुदत दोन-चार दिवसांवर येते. मोजताना मीटर दहा अँपिअरच्या जागेवर लावून निगेटिव्ह तारेच्या वाटेत जोडावा, गाडी लॉक करून अर्धा तास थांबावे, कारण संगणकाची खोकी झोपी जायला वेळ घेतात, आणि मग एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला आकडा पडतो त्या वायरीवर चोर. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नये, मीटर जळतो. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत चोर नसतानाही बॅटरी हळूहळू उतरते, कारण सेल्फने घेतलेले परत भरायला तेवढा पल्ला पुरत नाही. अशा गाडीची बॅटरी अधूनमधून चार्जिंगला लावावी.

सेल्फ जोरात फिरतो पण पेट्रोल गाडी सुरू होत नाही, तेव्हा किल्ली ‘ऑन’वर ठेवून मागच्या सीटखालून पंपाचा दोन सेकंदांचा ‘गूं’ असा आवाज येतो का ते ऐकावे. दोन-तीनदा किल्ली ऑन-ऑफ केल्यावर गाडी पटकन सुरू होत असेल, तर रात्रीत पाइपातला दाब उतरतो आहे. पंपाचा उलटा प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह किंवा गळका इंजेक्टर पाहावा. प्लग किती किलोमीटर जुने आहेत ते आठवावे. फट वाढलेल्या प्लगला थंडीत ठिणगी टाकणे जड जाते. पेट्रोलचा वास येऊ लागला तर इंजिन ‘फ्लड’ झाले आहे. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की संगणक पेट्रोल बंद करून आतला भाग कोरडा करतो.

कार्ब्युरेटरच्या गाडीत चोक ओढून मिश्रण दाट करणे हे माणसाचे काम होते. आता ते इंजिनच्या पाण्यात बुडालेला तापमानाचा सेन्सर ठरवतो. तो बिघडून भर थंडीत ‘इंजिन गरम आहे’ असे सांगू लागला, तर संगणक गरम इंजिनापुरतेच पेट्रोल सोडतो आणि गाडी काही केल्या पेटत नाही. डॅशबोर्डवर दिवा लागेलच असे नाही. ओबीडी सॉकेटला लावायचा ब्लूटूथ स्कॅनर असेल तर सकाळी, सेल्फ मारण्याआधी, इंजिनचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान पाहावे. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही आकडे जवळपास सारखे आणि बाहेरच्या हवेइतके हवेत. बाहेर नऊ अंश असताना इंजिन साठ दाखवत असेल, तर प्लग, पंप, बॅटरी यांपैकी काहीही न बदलता सेन्सर बदलावा.

सीएनजीवाल्यांची गोष्ट वेगळी. काही मोजकी मॉडेल सोडली तर सीएनजीची गाडी सुरू पेट्रोलवरच होते आणि थोडी तापल्यावर गॅसवर जाते. पेट्रोल वाचवायचे म्हणून टाकीत तळाशी चार लिटर ठेवून महिनोन्‌महिने गॅसवर गाडी पळवली की ते पेट्रोल शिळे होते. त्यातला सहज वाफ होणारा हलका भाग आधी उडून जातो आणि थंडीत नेमका तोच लागतो. पंपही तळाचा गाळ ओढतो. अशा गाडीत दर महिन्याला थोडे ताजे पेट्रोल भरावे आणि आठवड्यातून थोडा वेळ तरी गाडी पेट्रोलवर चालवावी.

२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवरून मालक चिडलेले आहेत आणि थंडीतल्या प्रत्येक तक्रारीचे बिल सध्या त्याच्या नावावर फाटते. इथेनॉलची वाफ करायला पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते आणि सुमारे १३ अंशांच्या खाली शुद्ध इथेनॉल पेट घ्यायला नाखूश असते, हे खरे. ब्राझीलमध्ये १९७९ साली फियाट १४७ निव्वळ इथेनॉलवर धावू लागली आणि तिथल्या गाड्यांना पुढे कित्येक वर्षे, केवळ थंडीत सुरू होण्यासाठी, पेट्रोलची वेगळी छोटी टाकी बाळगावी लागली. पण ती गोष्ट जवळजवळ शुद्ध इथेनॉलची. पाचवा हिस्सा इथेनॉल असलेल्या मिश्रणात सुरुवातीची वाफ पुरवायला पेट्रोल पुष्कळ असते. मायलेज आणि जुन्या रबरी पाइपांचे प्रश्न रास्त आहेत; नाशिकच्या आठ अंशांना सेल्फ न घेणारी गाडी हा इथेनॉलचा गुन्हा नव्हे. टाकीत पाणी शिरले असेल तर मात्र इथेनॉल ते शोषून घेते, प्रमाणाबाहेर गेले की पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते आणि थंडीत हे लवकर घडते. तेव्हा टाकी उपसण्याला पर्याय नसतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटते. थंड इंजिनाच्या भिंती ती उष्णता शोषून घेतात, म्हणून हीटर प्लग. डॅशबोर्डवर स्प्रिंगसारखी खूण विझेपर्यंत थांबून मगच सेल्फ मारावा. महाराष्ट्रात हे प्लग जळाले तरी दहा महिने पत्ता लागत नाही, कारण कॉमन रेलची इंजिने आपल्या हवेत त्यांच्याविनाही सुरू होतात. थंडीत सुरुवातीला गाडी थरथरते, पांढरा धूर सोडते आणि मिनिटभराने सुधारते, तेव्हा चारपैकी एखादा गेलेला असतो. तार काढून मीटरने रोध पाहावा. चांगल्या प्लगचा रोध एखाद-दुसऱ्या ओहमपर्यंत असतो. जळालेला काहीच दाखवत नाही.

दुसरा शत्रू खुद्द डिझेलमध्येच असतो. त्यातले मेण थंडीत गोठून फिल्टर बुजवते. भारतीय मानकानुसार हिवाळ्यातल्या डिझेलने सहा अंशांपर्यंत फिल्टरमधून जाणे बंधनकारक आहे. महाराष्ट्राला हे पुरते. पण पुण्यात टाकी भरून थेट मनाली-स्पितीची वाट धरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की वरच्या थंडीत तेच डिझेल पाइपात साखळते. लडाखमध्ये टाकीखाली जाळ करणे, डिझेलमध्ये रॉकेल मिसळणे असे धोक्याचे उपाय चालत आले. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने पानिपत रिफायनरीत बनवलेले, उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारे हिवाळी डिझेल त्या भागासाठी आणले. वर पोहोचताना टाकी शक्य तेवढी रिकामी असावी आणि तिथे हेच डिझेल भरावे.

ऑइलबाबत पुस्तिका सांगते तेच खरे. १०डब्ल्यू-३० मधला ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा, त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितके ऑइल थंडीत पातळ. जुन्या सवयीने नव्या गाडीत २०डब्ल्यू-५० ओतणारे मेस्त्री अजून आहेत. सकाळी सेल्फ रेंगाळण्याचे तेही एक कारण.

रस्त्यात अडकल्यावर जंपर केबलचा क्रम चुकू नये. लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, त्याचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग काळा चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचा चिमटा बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या चिमट्याला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून हे अंतर. दुसरी गाडी पाच मिनिटे चालू ठेवून मग सेल्फ मारावा. उंच प्रदेशात बॅटरी गोठून फुगलेली दिसली तर केबल लावूच नये. पूर्ण उतरलेली बॅटरी उणे आठ-दहा अंशांतच गोठू शकते. धक्का मारायचा तर किल्ली ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून वेग आल्यावर सोडावा. ऑटोमॅटिक गाडीला हा उपाय नाही.

सगळे मोजून झाल्यावर बॅटरीच दोषी ठरली, तर नवी घेताना तिच्यावरची निर्मितीची तारीख पाहावी. दुकानात सहा महिने पडून राहिलेली घेऊ नये. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाडीत ईएफबी किंवा एजीएम प्रकारची बॅटरी असते, तिच्या जागी स्वस्तातली साधी बसवली तर ती वर्षभरही टिकणे कठीण. काही गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद स्कॅनरने संगणकात करावी लागते. जुनी बॅटरी दुकानातच परत द्यावी. २०२२ च्या नियमांनुसार ती गोळा करून तिच्यातले शिसे पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकांची आहे, आणि मोडीचे पैसे नव्या बिलातून वजा करून मिळतात.